बॅटरी ‘साफ उतरवून’ चार्ज करायची?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे रिमोटच्या गाड्या पळवणाऱ्या पोरांना एक सल्ला हमखास मिळतो: गाडी लवकर थांबते ना, मग बॅटरी साफ उतरव आणि मगच चार्जिंगला लाव. हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम सेलच्या काळातला. आजच्या लिपो (लिथियम-पॉलिमर) पॅकचा त्यानं जीव जातो. लिपोचा भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, तो ३ च्या खाली गेला की कायमचा अधू होतो, कधी फुगतोही.

मुळात हिशेब बघा. ३००० एमएएचचा (म्हणजे ३ अँपिअर-तासांचा) पॅक आणि गाडी सरासरी १५ अँपिअर ओढणारी, म्हणजे १२ मिनिटं. हा बिघाड नव्हेच. त्याहून कमी वेळ चालत असेल, तर पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) बाजूला सारून चाक हातानं फिरवा. पावसाळ्यात आपली तांबडी माती बेअरिंगात जाऊन वाळते, चाक करकरत थांबतं आणि तो भार बॅटरीवर येतो. पिनियनला दात जास्त असले तरी तेच. वेग मिळतो, मोटर तापते. उंच गवताचं तर विचारूच नका.

आणि पॅक लिपोऐवजी निकेल-मेटल हायड्राइडचा असून ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) लिपो मोडवर राहिला असेल, तर तो लिपोच्या हिशेबानं वीज लवकर तोडतो आणि चार्ज शिल्लक असतानाच गाडी थांबते. बॅटरी बिचारी ठीक असते.