खरचटलं की दात लागला?

आमच्या चिकू कुत्र्याने दोन वर्षांच्या अंतराने दोन जखमा करून घेतल्या, आणि दोन्ही वेळी आम्ही नेमकं उलटं वागलो.

पहिल्यांदा तो सोसायटीच्या उतारावर मांजरामागे धावताना घसरला. पुढच्या पायाचं सालटं कोपरापासून खालपर्यंत निघालं. लालभडक, वर बारीक खडी चिकटलेली, बघवेना. रात्री साडेदहाला रिक्षा करून चोवीस तासवाला दवाखाना गाठला. डॉक्टरांनी सलाईनने धुतलं, औषध लावलं आणि म्हणाले, "हे घरी झालं असतं."

दुसऱ्यांदा गल्लीतल्या कुत्र्याने त्याला मानेला धरलं. दोन सेकंदांचा मामला. केसांत दोन ठिपके आणि रक्ताचा एक थेंब. आईने हळद दाबली, चिकू जेवला, झोपला. तिसऱ्या दिवशी मानेखाली लिंबाएवढी गाठ, अंगात 104 ताप आणि समोर ठेवलेल्या पोळीकडे बघायलाही तयार नाही.

या दोन जखमांमध्ये गल्लत होते ती आकारामुळे. आपण जखमेची लांबी-रुंदी बघतो, खोली बघत नाही. खरचटतं तेव्हा फक्त वरचा थर जातो. तिथे मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात म्हणून झोंबतं खूप, पण घाण वर असते, दिसते आणि धुतली की जाते. दाताचं वरून कीर्तन, आतून तमाशा. कुत्र्याचं कातडं सैल असतं. मानेवर चिमटीत धरून बघा, मूठभर वर येतं. चावणारा दात रोवतो आणि झटका देतो. वरचं कातडं दाताबरोबर सरकतं, त्यामुळे फाटत नाही. आतला मांसल भाग तेवढा सरकत नाही, तो फाटतो. दात निघाला की कातडं जागेवर येतं आणि तोंडातले जंतू आत कोंडले जातात. पू व्हायला दोन-चार दिवस लागतात, म्हणून पहिल्या दिवशी सगळं ठीक वाटतं.

हे मला डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा कळलं. चिकूला गुंगी देऊन त्यांनी बोथट टोकाची एक सळई त्या ठिपक्यात सरकवली. ती तिरकी, कातड्याखालून, माझ्या मधल्या बोटाच्या दोन पेरांइतकी आत गेली. मग जागा उघडून धुतली, पू वाहायला रबरी नळी ठेवली. मी विचारलं, टाके नाही का घालायचे? म्हणाले, चावलेलं भोक शिवून टाकलं तर आतली घाण कुठून बाहेर येणार?

तेव्हा दाताची जखम, कितीही छोटी असो, त्याच दिवशी दवाखान्यात. गल्लीतलं कुत्रं असेल तर रेबीजसाठीही. दरवर्षी लस दिलेली असली तरी चावल्यानंतर पुन्हा डोस द्यावा लागतो. किती आणि कधी, ते डॉक्टर आधीच्या लसीचं कार्ड बघून सांगतात. कार्ड बरोबर न्या. निघण्यापूर्वी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, हातमोजे घालून, कारण चावणाऱ्याची लाळ आपल्या कुत्र्याच्या केसांत असते आणि आपल्या बोटांवर चिरा असतात. तसा संपर्क आला असेल तर 15 मिनिटं हात धुऊन आपल्या, म्हणजे माणसांच्या, डॉक्टरांकडेही जायचं. हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगतोय.

खरचटलेल्याचं घरी काय करायचं? आधी भोवतीचे केस ओले करून कापा, म्हणजे तुकडे जखमेत पडत नाहीत. मग औषधाच्या दुकानातली सलाईनची बाटली आणि सुई काढलेली 20 मिलीची सिरिंज. पिचकारीसारखी मारली की खडी निघून जाते. बोळ्याने घासायची नाही. सलाईन नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ. नंतर बेटाडीन, पण थेट बाटलीतून नाही. फिक्या, बिनदुधाच्या चहाचा रंग येईल इतकं पाणी घालून. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला छान वाटतो, पण तो जंतूंबरोबर नवी पेशीही जाळतो. स्पिरिट आणि डेटॉलही नको. हळदीवर माझा राग नाही, पण स्वयंपाकघरातली पूड जंतुविरहित नसते, जखमेवर तिचा लगदा होतो आणि पिवळ्याखाली लाली वाढतेय की कमी होतेय हे कळत नाही. आईला हे अजून पटलेलं नाही.

पट्टी बहुतेक वेळा लागतच नाही. घट्ट बांधली तर पंजा सुजतो, ही वेगळीच आफत. लागतो तो गळ्यात घालायचा कोन, म्हणजे तोंड जखमेपर्यंत पोहोचत नाही. "कुत्रं चाटूनच बरं करतं" हे ऐकत मोठा झालोय. प्रत्यक्षात ती खरबरीत जीभ तासाभरात आलेली खपली काढून मोकळी होते. कोन घालून चिकू दोन दिवस दारांना धडकत फिरला, मग शिकला.

दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृतावर जातं. पांढरी झिंक ऑक्साइडची मलमंसुद्धा चाटून पोटात गेली की विषारी.

साधं खरचटलेलं दोन दिवसांत कोरडं पडायला लागतं. तसं न होता वास आला, ओल राहिली, भोवती गरम लागलं, तर तेही दवाखान्यात. पावसाळ्यात दिवसातून दोनदा बघायचंच. ओल्या जखमेवर माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या पडतात. त्यावर फिनेल किंवा पेट्रोल ओतणारे लोक मी पाहिलेत, कृपया नको. डोळा, छाती, पोट यांच्या जखमा, तळव्याच्या गादीतला खोल काप आणि पाच मिनिटं दाबूनही न थांबणारं रक्त, यांत घरचं-दारचं असा प्रश्नच नाही, थेट दवाखाना. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असतं. बाकीच्यांनी आपल्या भागातला रात्री उघडा असणारा दवाखाना आजच शोधून नंबर फोनमध्ये ठेवावा.

आणि भांडण झालंय पण जखम दिसत नाही, तेव्हा? बोटं केसांच्या उलट दिशेने फिरवा. जिथे केस चिकटून वाळलेत तिथे भोक असतं. एक सापडलं की पलीकडच्या बाजूलाही बघा, कारण जबड्याला वरचे आणि खालचे असे दोन्ही दात असतात. आम्ही चिकूच्या मानेवर दोन मोजली होती. दवाखान्यात केस काढायचं मशीन फिरलं तेव्हा पाच निघाली.