प्राचीन ग्रीक कला : शिल्प, वास्तू आणि चित्र

इ.स.पू. सुमारे ९०० ते इ.स.पू. पहिले शतक या काळात ग्रीस, एजियन बेटे, आशिया मायनरचा किनारा आणि दक्षिण इटली-सिसिलीतील ग्रीक वसाहतींत बहरलेली कला. भौमितिक, आर्ष (आर्केइक), अभिजात आणि हेलेनिस्टिक (अलेक्झांडरनंतरचा) असे तिचे कालखंड मानले जातात. ती आपल्यापर्यंत तुकड्यांच्या रूपात पोहोचली आहे. मूर्ती आणि मंदिरांचे भाग रंगवलेले असत. तो रंग उडाला आणि पांढरा संगमरवर उरला. ब्राँझच्या बहुतेक मूर्ती धातूसाठी वितळवल्या गेल्या, तर लाकडी फळ्यांवरील चित्रे नष्ट झाली. पांढरेशुभ्र ग्रीस ही उत्तरकाळाची समजूत आहे.

शिल्प : इ.स.पू. सातव्या शतकात ग्रीकांचा ईजिप्तशी संबंध वाढला आणि दगडात मोठ्या मूर्ती घडवण्याची प्रेरणा त्यांना तिथून मिळाली. ‘कूरॉस’ या तरुण पुरुषाच्या मूर्तीत डावा पाय पुढे, हात मांड्यांना लागून आणि नजर समोर ही ईजिप्शियन ठेवण स्पष्ट दिसते. पण ग्रीक मूर्तिकाराने पाठीमागचा दगडी आधार काढून टाकला आणि अंगावर वस्त्र ठेवले नाही. आता मूर्तीला स्वतःच्या पायांवर तोल सांभाळायचा होता, आणि पुढच्या शतकभराचा विकास या गरजेतून झाला. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर सापडलेल्या ‘क्रिटिओस बालका’त (इ.स.पू. सु. ४८०) शरीराचा भार एका पायावर आला, दुसरा गुडघा सैल झाला, कंबर किंचित कलली आणि मान वळली. फरक थोडासा, पण दगडातला माणूस तिथे खऱ्या अर्थाने उभा राहिला. पुढे पॉलिक्लीटसने ‘भालाधारी’ या मूर्तीत शरीराच्या अवयवांची परस्परप्रमाणे निश्चित केली आणि त्यावर ‘कॅनन’ हा ग्रंथ लिहिला. मूळ ब्राँझ मूर्ती आणि ग्रंथ दोन्ही गेले. मूर्तीची पाँपेईत सापडलेली संगमरवरी रोमन प्रत नेपल्समध्ये आहे. प्रतीत मूळचा जिवंतपणा किती हरवतो, हे १९७२ मध्ये इटलीतील रिआचेजवळ समुद्रात सापडलेल्या दोन ब्राँझ योद्ध्यांकडे पाहिले की कळते. त्यांचे ओठ तांब्याचे असून एकाचे दात चांदीचे आहेत.

इ.स.पू. चौथ्या शतकात प्रॅक्सिटेलीसने नीडॉस या ग्रीक नगरासाठी प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडाइटीची नग्न मूर्ती घडवली, तर लिसिपसने डोके लहान आणि देह सडपातळ करून जुनी प्रमाणे बदलली. अलेक्झांडरनंतरच्या हेलेनिस्टिक शिल्पात वेदना, वार्धक्य आणि वेग यांना स्थान मिळाले. आशिया मायनरमधील पर्गमॉनच्या वेदीवरील देव-दैत्यांचे युद्ध आणि वाऱ्याने वस्त्र अंगाला चिकटलेली समॉथ्रेसची विजयदेवता ही त्याची उत्तम उदाहरणे.

वास्तू : ग्रीक मंदिरात देवतेची मूर्ती आत असे, पण बळी देण्याची वेदी बाहेर असे आणि लोक तिथेच जमत. म्हणून वास्तुकाराने आपले कसब मुख्यतः बाह्यांगावर वेचले. सुरुवातीचे खांब लाकडी होते. ऑलिंपियाच्या हेरा-मंदिरातील लाकडी खांबांच्या जागी हळूहळू दगडी खांब आले. दणकट डोरिक, स्तंभशीर्षावर सर्पिल वळणे असलेली आयोनिक आणि पानांनी सजलेली कोरिंथियन या तीन शैली रूढ झाल्या. इक्टिनस आणि कॅलिक्राटीस यांनी अथेन्सच्या अक्रोपोलिसवर उभारलेले पार्थेनॉन (इ.स.पू. ४४७–४३२) हे डोरिक शैलीचे शिखर होय. ८ × १७ खांबांच्या या मंदिरात अगदी सरळ रेषा शोधूनच काढाव्या लागतात. चौथरा मध्यभागी किंचित उचललेला आहे, खांब आत कललेले आहेत आणि त्यांच्या कडांना हलका फुगवटा आहे. त्यासाठी जवळजवळ प्रत्येक दगड वेगळ्या मापाने घडवावा लागला. मूर्तिकार फिडिअसच्या देखरेखीखाली झालेली सुमारे १६० मी. लांबीची शिल्पपट्टी आज मुख्यतः अथेन्स आणि लंडन येथे विभागलेली आहे. ती एकत्र यावी, ही ग्रीसची मागणी रास्त आहे.

चित्र : पॉलिग्नोटस, झ्यूक्सिस, अपेलीस यांची कीर्ती ग्रंथांतून कळते, त्यांचे एकही चित्र उरलेले नाही. उत्तर ग्रीसमधील व्हर्गिना येथे १९७७ मध्ये उघडलेल्या मॅसिडोनियन थडग्यांतील ‘पर्सेफोनीचे अपहरण’ हे भित्तिचित्र त्या हरवलेल्या परंपरेची थोडी झलक देते. बाकी भिस्त मृत्पात्रांवर. त्यांचा काळा रंग म्हणजे बारीक गाळलेल्या मातीचा पातळ लेप. भट्टीत आधी हवा खेळती ठेवली की भांडे लाल होई. मग हवा कोंडली की सगळे काळे पडे. पुन्हा हवा सोडली की उघडी माती लाल होई आणि लेप घट्ट झाल्यामुळे काळाच राही. आधी आकृत्या लेपाने काढून त्यांवर सुईने बारकावे कोरत. एक्सिकिअसने पटावर खेळत बसलेले ट्रोजन युद्धातील वीर अकिलीस आणि एजॅक्स असेच रंगवले. इ.स.पू. सु. ५२५ च्या सुमारास अथेन्समध्ये ही रीत उलटली : पार्श्वभूमी काळी, आकृती लाल. बारकावे आता कुंचल्याने काढता येऊ लागले आणि वळलेले धड, समोरून दिसणारे पाऊल चित्रात उतरले.

प्रसार : अलेक्झांडरच्या स्वारीनंतर ही कला पूर्वेकडे पसरली. अफगाणिस्तानातील ऐ-खानूमच्या उत्खननात कोरिंथियन स्तंभशीर्षे मिळाली, आणि गांधार शैलीतील बुद्धमूर्तींच्या वस्त्रांच्या चुण्यांत ग्रीक-रोमन वळण दिसते. महाराष्ट्रात कार्ले येथील चैत्यगृहाच्या खांबांवर यवन (त्या काळी ग्रीक व पश्चिमेकडील परदेशी) दात्यांचे लेख आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी उत्खननात समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती सापडली. ती रोमन व्यापारातून इथे आली असून तिची घडण ग्रीक परंपरेतली आहे.