प्राचीन रोममधील घरे

प्राचीन रोममधील घरे : रोमन शहरांत घरांचे मुख्य प्रकार दोन. एकाच कुटुंबाचे, गुलामांसह राहण्याचे स्वतंत्र घर म्हणजे दोमुस आणि भाडेकरूंची बहुमजली इमारत म्हणजे इन्सुला. गावाबाहेर जमीनदारांच्या विल्ला असत. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात पाँपेई व हर्क्युलेनियम ही शहरे गाडली गेली, म्हणून दोमुसची माहिती भरपूर मिळते. इन्सुलांसाठी ऑस्टिया या रोमच्या बंदराकडे वळावे लागते. पुस्तकांतली चित्रे बहुधा दोमुसचीच असतात. खुद्द रोममधले बहुसंख्य लोक मात्र भाड्याच्या खोल्यांत राहत. चौथ्या शतकातल्या नगरसूचीत सुमारे १,७९० दोमुस आणि ४६,००० हून अधिक इन्सुला नोंदल्या आहेत. या सूचीतली इन्सुला म्हणजे अख्खी इमारत की एखादे बिऱ्हाड, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण पारडे कुठे झुकते ते त्यातूनही कळते.

दोमुसची रस्त्याकडची भिंत बरीचशी कोरी असे. दाराच्या दोन्ही अंगांना रस्त्याकडे तोंड केलेली दुकाने. ती पुष्कळदा भाड्याने दिलेली असत. अरुंद बोळातून आत गेले की आत्रियम, म्हणजे घराचे मुख्य दालन, लागे. वाड्याच्या चौकाशी त्याचे नाते लगेच जाणवते, मात्र चौक वर मोकळा असतो आणि आत्रियमला छप्पर होते, मधोमध फक्त चौकोनी उघडीप. सर्वांत रूढ अशा तुस्कानी पद्धतीत दोन दणकट तुळया रुंदीभर टाकून त्यांच्यात आडव्या तुळया बसवत. खांब लागत नसे. उघडीप आत्रियमच्या रुंदीच्या पाव हिश्शाहून कमी आणि तिसऱ्या हिश्शाहून जास्त नसावी, असे वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रूव्हियस सांगतो.

छपराच्या चारही उतरणी आत वळलेल्या असल्याने पावसाचे पाणी खालच्या उथळ हौदात (इम्प्लुव्हियम) पडे, तिथून जमिनीखालच्या टाकीत जाई. टाकीच्या तोंडावर दगडी किंवा संगमरवरी कठडा असे व त्यातून पाणी शेंदत. जास्तीचे पाणी मोरीने रस्त्यावर जाई. काही घरांत उतरणी बाहेरच्या बाजूला ठेवत. त्यामुळे आत उजेड चांगला येई, पण डागडुजी संपत नसे : भिंतीलगतच्या नळांना पन्हळींतले पाणी वेळेत उचलता येत नसे, मग ते ओसंडून लाकूडकाम आणि भिंती नासत.

आत्रियमभोवती झोपण्याच्या छोट्या, अंधाऱ्या खोल्या. काहींच्या फरशीवर पलंगाची जागा नक्षीने आखलेली सापडते. समोर मालकाची बैठक (ताब्लिनुम) आणि तिच्यामागे खांबांनी वेढलेली बाग. जेवणघरात तीन आडवे कोच, प्रत्येकावर तिघे, असे नऊ जण कुशीवर टेकून जेवत. उन्हाळ्यातले जेवणघर उत्तरेला आणि पुस्तकांची खोली पूर्वेला असावी, हेही व्हिट्रूव्हियसचेच मत. दमट वाऱ्याने पुस्तकांना कीड आणि बुरशी लागते, हे कारण. सामान मोजके असे, पण ते हौसेने जमवलेले. पाँपेईतल्या एका घरात १९३८ मध्ये सुमारे २४ सेंटिमीटर उंचीची भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदन येथील उत्खननात मिळाली आहे.

जमिनीचे काम फार काटेकोर होते. तळाला मुठीएवढे दगड. त्यावर खडी व चुना : खडी नवी असेल तर तीनास एक, जुन्या बांधकामातली असेल तर पाचास दोन. लाकडी धुमसांनी ठोकून हा थर किमान पाऊण रोमन फूट (सुमारे २२ सेंटिमीटर) राहिला पाहिजे. वर विटकरीचा चुरा व चुना तीनास एक, जाडी किमान ११ सेंटिमीटर, आणि मग फरशी किंवा मोझेइक. वरच्या मजल्यावर हेच काम फळ्यांवर करायचे असल्याने धोके वाढत. दोन जातींच्या ओकच्या फळ्या मिसळल्या की एक वाकते आणि फरशीला भेगा पडतात. चुन्याने लाकूड खराब होऊ नये म्हणून फळ्यांवर नेचा किंवा पेंढा पसरत. खालची आडभिंत फरशीला भिडवायची नाही, हाही नियम होता : लाकूड वाळून खाली बसते, भिंत बसत नाही, आणि तिच्या दोन्ही अंगांना फरशी तडकते.

स्वयंपाकघर लहान, बांधीव ओट्यावर निखारे, खालच्या कमानीत सरपण. शौचकूप पुष्कळदा याच खोलीत किंवा तिला लागून. त्यामागे सोय होती, म्हणजे सांडपाणी आणि खरकटे एकाच खड्ड्यात जाई. ऊब शेगड्यांवर भागे. जमिनीखालून गरम हवा खेळवणारे हायपोकॉस्ट इटलीत मुख्यतः स्नानगृहांत आढळतात; ब्रिटन, जर्मनीकडच्या विल्लांत ते राहत्या खोल्यांतही आहेत.

इन्सुलाची गोष्ट वेगळी. शहरात सामायिक भिंत दीड फुटाहून जाड बांधायला कायद्याने बंदी होती. एवढ्या जाडीची कच्च्या विटांची भिंत एका मजल्यापलीकडे भार पेलत नाही. त्यामुळे उंच जायचे तर भाजलेली वीट, दगडी खांब आणि चुन्याचे काँक्रीट हवे. ज्यांना खर्च वाचवायचा होता ते लाकडी चौकटीत कूड भरून माती लिंपत. असल्या भिंती पेट घ्यायला मशालीसारख्या, अशी तक्रार त्या काळीच होती. हर्क्युलेनियममध्ये असे एक घर उभे आहे. सम्राट ऑगस्टसने इमारतींची उंची ७० रोमन फुटांवर (सुमारे २०.७ मीटर) आणली, पुढे सम्राट ट्रेजनने ६० फुटांवर. इ. स. ६४ च्या आगीनंतर सम्राट नीरोने सामायिक भिंतींना मनाई केली आणि रस्त्याच्या बाजूला पडव्या बांधायला लावल्या.

तळमजल्यावर दुकाने, दुकानदार बहुधा वरच्या पोटमाळ्यावर शिडीने चढून झोपे. पहिल्या मजल्यावरची बिऱ्हाडे ऐसपैस, रस्त्याकडे खिडक्या असलेली. जसजसे वर जावे तसतसे भाडे आणि खोलीचा आकार दोन्ही कमी होत. पाणी वर चढत नसे. सार्वजनिक कारंज्यावरून भरून जिने चढावे लागत. वरच्या खोल्यांत स्वयंपाक शेगडीवर चाले, आणि आग लागली तर सुटकेची वाट सर्वांत लांब त्यांचीच. घाण खाली नेण्याचा कंटाळा इतका सर्रास होता की खिडकीतून फेकलेल्या किंवा ओतलेल्या गोष्टींसाठी रोमन कायद्यात स्वतंत्र दावा होता : नुकसानीची दुप्पट भरपाई, आणि स्वतंत्र (गुलाम नसलेला) माणूस मेला तर ५० सुवर्णनाणी. फेकणारा कोण हे सिद्ध करावे लागत नसे. त्या खोलीत राहणाऱ्यावर जबाबदारी येई.