मुंग्या, पोकळ काटे आणि काळी बुरशी: शंभर वर्षं कोणी न मोजलेला तिसरा भिडू

कपाशी मांडीला लागली की आमच्या चोपड्याकडच्या शेतात दरवर्षी एक गोष्ट दिसते, पान वरून बघितलं तर काही नाही आणि उलटं केलं की मुंगी. आमचे आबा म्हणतात "जठे मुंग्या तठे मावा", आणि ते चूक नाहीये, मावा ही पानाचा रस पिणारी बारीक कीड जो गोड चिकटा सोडते त्याच्यासाठी मुंग्या येतातच. पण यंदा मी मुद्दाम मावा नसलेली, एकदम स्वच्छ पानं शोधली तरी मुंगी होतीच. पानाच्या मागं मधल्या जाड शिरेवर तिळाएवढा खड्डा असतो, त्यात बारीक थेंब चमकत होता आणि मुंगी त्याला तोंड लावून बसलेली, बोट जवळ नेलं तरी हलेना. ते साखरपाणी कपाशी स्वतः गाळते, फुलाशी त्याचा काही संबंध नाही. बांधावरच्या बाभळीलाही पानाच्या देठावर अशाच ग्रंथी असतात. फोटो ग्रुपवर टाकला तर पहिला प्रश्न आला, झाडाला यात काय मिळतं? उत्तर एका ओळीत बसत नाही म्हणून जरा मागून सुरू करतो.

थॉमस बेल्ट नावाचा एक इंग्रज इंजिनिअर १८६८ ते १८७२ निकाराग्वात सोन्याच्या खाणीवर नोकरीला होता. खाणीचं काम सांभाळून हा गडी किडे-झाडं बघत फिरायचा. तिथं बाभळीची एक जात आहे, तिचे काटे बैलाच्या शिंगासारखे जाड आणि आतून पोकळ (आपल्या बाभळीचा काटा भरीव, चप्पल फाडून पायात जातो तो). त्या काट्यांत मुंग्या राहतात, झाड त्यांना देठावर गोड रस देतं आणि पानाच्या टोकांना पिवळसर दाण्यासारखा खाऊ देतं. १८७४ च्या पुस्तकात बेल्टनं लिहिलं की ही झाडानं ठेवलेली राखणदार फौज आहे. त्या खाऊच्या दाण्यांना आजही बेल्टचंच नाव आहे. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात त्यानं असंही ताडलं होतं की पानं कापून नेणाऱ्या मुंग्या ती पानं खात नाहीत, त्यांच्यावर जमिनीखाली बुरशी पिकवतात. म्हणजे बुरशी आणि मुंगी ही जोडी त्याला माहीत होती, पण काट्यात राहणाऱ्या मुंगीपाशी बुरशी शोधायचं त्याच्या डोक्यात आलं नाही, आणि पुढं बऱ्याच लोकांच्या आलं नाही.

फौजेची कल्पनाही लोकांना लगेच पटली नव्हती. झाडाला मुंग्यांची गरज कुत्र्याला पिसवांची असते तेवढीच, असा टोमणा तेव्हाच्या जाणकारांत चालायचा. वाद मिटला तो १९६६ मध्ये, डॅनियल जॅन्झननं मेक्सिकोत काही झाडांवरच्या मुंग्या काढून टाकल्या आणि नुसतं बघत बसला. बिनमुंग्यांची झाडं किड्यांनी खाल्ली, शेजारच्या वेलींनी झाकली, मुंग्यांची झाडं वाढली. साधा सरळ प्रयोग, आपल्याकडं दोन वाफ्यांत खत टाकून-न टाकून बघतात तसा. तेव्हापासून पुस्तकात गोष्ट दोघांचीच झाली, झाड घर आणि जेवण देतं, मुंगी पहारा देते.

पण तिसरा भिडू त्याच्या कितीतरी आधी दिसून गेला होता. १९११ मध्ये ह्यूगो मीहे या जर्मन माणसानं जावा बेटावरच्या एका मुंगी-वनस्पतीचं फुगलेलं खोड कापलं. ही वनस्पती दुसऱ्या झाडावर बसून वाढते, मुळं जमिनीत नाहीत, आणि खोडात बोळबोळ असतात. काही बोळांच्या भिंती गुळगुळीत, तिथं मुंग्या पिल्लं ठेवतात, काहींच्या भिंती चामखिळीसारख्या खरखरीत, तिथं विष्ठा आणि कचरा टाकतात. त्या खरखरीत भिंतींवर मीहेला बुरशी दिसली. १९२० मध्ये अमेरिकेत आय. डब्ल्यू. बेली यांनी झाडात राहणाऱ्या मुंग्यांच्या तोंडातली एक छोटी पिशवी उघडून बघितली, त्यात बुरशीचे बीजाणू होते. एवढं समोर येऊनही विषय तिथंच पडून राहिला. माझ्या मते याचं कारण साधं आहे, बुरशी म्हटलं की आपल्याला रोग किंवा घाण आठवते, केळीवाल्याला करपा आठवतो, आणि संडासात बुरशी दिसली तर तिच्यावर अभ्यास कोण करणार? १९७८ मध्ये कॅमिला हक्सली यांनी किरणोत्सारी खुणा लावून दाखवलं की त्या खरखरीत भिंतींतून मुंग्यांच्या कचऱ्यातलं पोषण खरंच झाडात जातं. आबांना हे सांगितलं तर म्हणे, मग मुंग्याही शेणखतच टाकतात ना. बरोबर पकडलं.

खरी कलाटणी २००९ मध्ये. कॅमेरूनच्या जंगलात लिओनार्डॉक्सा नावाचं झाड आहे, त्याच्या पोकळ फांद्यांत पेटालोमिर्मेक्स जातीच्या मुंग्या राहतात. फ्रेंच संशोधकांना फांदी चिरल्यावर आत काळपट ठिगळं दिसली, बुरशीची. पावसाळ्यात भिंतीला काळं येतं तसंच काहीतरी असेल, आलं असेल आपोआप, असं कोणीही म्हटलं असतं. पण त्याच झाडावर दुसऱ्या जातीच्या फुकट्या मुंग्याही घुसतात, राहतात, खातात आणि राखण करत नाहीत. त्यांनी बळकावलेल्या फांद्यांत ही ठिगळं नव्हती, राखणदारांच्या फांद्यांत होती! म्हणजे बुरशी आपोआप आलेली नव्हती, ती जोपासलेली होती. पुढं २०११ मध्ये खूण केलेला नायट्रोजन मुंग्यांना खाऊ घालून माग काढला तर तो झाडात पोचला आणि बुरशीत त्याहून जास्त पोचला, आणि २०१२ मध्ये कळलं की मुंग्या ती बुरशी खातातसुद्धा. कचरा बुरशीला, बुरशी मुंगीला, उरलंसुरलं झाडाला. आपण दुकानातून ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीचं पाकीट आणून शेणखतात मिसळतो, हरभऱ्याला रायझोबियमचे जिवाणू चोळतो, यांचं सगळं एका फांदीत चाललेलं.

बुरशी खाण्यापुरतीच नाही. फ्रेंच गयानात अ‍ॅलोमेरस मुंग्या फांदीवर भोकाभोकांचा बोगदा बांधतात, आत दबा धरतात आणि किडा बसला की त्याचे पाय खेचून ताणून धरतात. त्या बोगद्याचा गिलावा म्हणजे झाडाची लव आणि तिला घट्ट धरून ठेवणारी बुरशी, घर बांधताना सिमेंट लागतं तशी.

बॅक्टेरियाची बाजू नंतर उघडत गेली. २०१४ मध्ये मेक्सिकोच्या त्याच शिंगवाल्या बाभळींच्या गोतात दिसलं की राखणदार मुंग्या असलेल्या पानांवर रोगाचे जिवाणू कमी असतात, आणि मुंग्यांच्या पायांचा अर्क काढला तर तो त्या जिवाणूंना रोखतो. पायांवर बसलेले दुसरे जिवाणू यामागं असावेत असं दिसतं, म्हणजे मुंगी नुसती पानावर चालली तरी फवारणी झाली म्हणा. केनियातल्या काटेरी बाभळीवरच्या टेट्रापोनेरा मुंग्यांपाशी तर स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूची नवी जात सापडली आणि २०१७ मध्ये तिच्यातून फॉर्मिकामायसिन नावाची रसायनं मिळाली, जी नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंवरही प्रयोगशाळेत चालतात. औषध म्हणून दुकानात यायला अजून लांबचा पल्ला आहे, फॉरवर्ड करणाऱ्यांनी थोडा दम धरा.

आपल्या सातपुड्यात असं पोकळ खोडाचं मुंगीझाड मी तरी बघितलं नाही. सह्याद्रीच्या पार दक्षिणेला, कर्नाटक-केरळात हम्बोल्टिया नावाचं झाड आहे, त्याच्या फुगीर खोडाला आपोआप फट पडते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेने बोर्जेस यांच्या गटानं त्यावर बरीच वर्षं काम केलं, आणि तिथं आत मुंग्यांच्या जोडीला चक्क गांडूळ निघालं, जमिनीवरून वर झाडात राहणारं, आणि त्याच्याकडूनही झाडाला पोषण मिळतं.

आता परत बेलींच्या त्या पिशवीकडं. मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या सेक्रोपिया झाडात अझ्टेका मुंग्या राहतात, त्यांची तरुण राणी जुनं घर सोडून निघते तेव्हा तोंडातल्या पिशवीत बुरशी घेऊन निघते, हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं. नवीन झाडाच्या कांड्याला भोक पाडून ती आत शिरते, आतला भुसभुशीत गर खरवडते, त्यातला थोडा भोक बुजवायला वापरते, उरलेल्याचा छोटा ढीग करते आणि त्याच्यावर बुरशी धरते, शेजारणीकडून वाटीत आणलेलं विरजण लावावं तशी. पहिली अंडी उबायची असतात तोवर घरात काळं ठिगळ तयार असतं.