इसबगोल म्हणजे जुलाब नव्हे

मूळव्याधीचं ऑपरेशन झालं की जो तो एकच सल्ला देतो: "पोट साफ ठेव, रात्री काहीतरी घेत जा." हे 'काहीतरी' कुणाच्या तोंडी इसबगोल असतं, कुणाच्या सोनामुखीचं चूर्ण. जणू दोन्ही एकच!

सोनामुखी सगळ्यांना ठाऊक आहे. मोठ्या आतड्याला डिवचते, 6 ते 12 तासांत काम उरकते. वेदनाशामक गोळ्यांनी पोट घट्ट झालं तर डॉक्टरही थोडे दिवस जुलाबाचं औषध देतात. पण आपल्या मनाने महिनोन्‌महिने घ्यायची ती वस्तू नाही.

इसबगोल कुणाला डिवचत नाही, नुसतं पाणी धरून ठेवतं. चमचाभर इसबगोल पेलाभर पाण्यात टाकून थोड्या वेळाने ढवळून बघा, बुळबुळीत लगदा झालेला असतो. पोटात त्यामुळे मळ मऊ राहतो आणि कुंथावं लागत नाही. सगळं अडलंय ते या कुंथण्यापाशी. ऑपरेशनमध्ये सुजलेले मोड काढतात. गुदद्वाराच्या आतली रक्तवाहिन्यांची मऊ गादी मात्र प्रत्येकाला असतेच आणि ती सगळी काढत नाहीत. रोज जोर केला की उरलेली गादी पुन्हा फुगू शकते.

आता नेहमीची तक्रार: "रात्री घेतलं, सकाळी काहीच नाही. मला लागू पडत नाही." अहो, त्याला 12 तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो! सोनामुखीचं घड्याळ इसबगोलला लावलं की माणूस दुसऱ्या दिवशी दुप्पट घेतो, पोट फुगतं, तिसऱ्या दिवशी डबा फडताळात जातो. थोड्यापासून सुरुवात करा, हळूहळू वाढवा आणि रोज घ्या.

त्याहून संताप येतो तो घोटभर पाण्यावर कोरडं इसबगोल गिळणाऱ्यांचा. ते घशात फुगून अडकू शकतं, आतड्यातही तुंबू शकतं. भरलेला पेला, साधारण 240 मिली पाणी हवंच, आणि घट्ट व्हायच्या आत प्यायचं.

दिवसातून चार वेळा पातळ होणं म्हणजे पोट साफ होणं, ही समजूतही सोडा. ओल्या जखमेची त्याने नुसती आग होते.

बाकी नेहमीचंच: जेवणातून दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू (फायबर), आणि मोबाईल संडासाच्या बाहेर.

पुन्हा रक्त दिसलं, तर दोन्ही डबे बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. ते मूळव्याधीचंच आहे हे घरबसल्या ठरवता येत नाही.