चोवीस तासांच्या बेरजेआड गेलेली पावसाची वेळ

खानदेशात वैशाखातले वादळ बहुधा दुपार कलल्यावर उठते. रावेर-यावलकडच्या केळीबागा तासाभरात आडव्या होतात, पण दुसऱ्या दिवशीच्या पर्जन्यनोंदीत त्या तासाचा मागमूस नसतो. १८७५ साली स्थापन झालेला भारतीय हवामान विभाग मागच्या चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजून त्याच सकाळच्या तारखेवर धरतो. त्यामुळे ९ जूनच्या संध्याकाळी पडलेला पाऊस नोंदीत १० जूनचा ठरतो.

वेळ टिपण्याची सोय अगदीच नव्हती असे नाही. स्वयंलेखी पर्जन्यमापकात पाणी साठेल तसा तरंगत्या डब्याला जोडलेला टाक वर सरकतो आणि घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या नळकांड्यावरच्या कागदावर रेघ ओढतो. दहा मिलिमीटर भरले की पाणी आपोआप उपसले जाऊन टाक शून्यावर येतो. रेघ जितकी उभी, तितका पाऊस जोराचा. मात्र अशी यंत्रे मोजक्याच केंद्रांवर होती, भर समुद्रात तर नाहीतच.

अमेरिकेत ताशी नोंदी मुबलक होत्या. त्यांवरून हवामानशास्त्रज्ञ जॉन वॉलेस यांनी १९७५ मध्ये दाखवले की आग्नेयेकडे उन्हाळी पाऊस दुपारनंतर, तर मध्यभागातील मैदानांत रात्री जास्त पडतो. रॉकी पर्वतावर दुपारी जन्मलेली वादळे रात्रभर पूर्वेकडे सरकतात आणि जमिनीलगतचा दक्षिणेचा वेगवान वारा त्यांना बाष्प पुरवतो. दोनच वर्षांनी ग्रे आणि जेकबसन यांनी उष्ण कटिबंधातील समुद्रांवर पहाटेच्या सुमारास पाऊस वाढतो हे मांडले. समुद्राचा पृष्ठभाग दिवसा फारसा तापत नाही. रात्री मात्र ढगांचे माथे उष्णता गमावून थंड होतात आणि हवा अस्थिर होते, हे त्यामागचे एक कारण मानतात. चेरापुंजीतही मुख्य जोर रात्री-पहाटेच असतो, म्हणजे जमिनीवर सर्वत्र संध्याकाळच, असा सरसकट नियम करता येत नाही.

नोव्हेंबर १९९७ मध्ये सुटलेल्या अमेरिका-जपानच्या ‘टीआरएमएम’ या पाऊस मोजणाऱ्या उपग्रहाने हे चित्र उष्ण कटिबंधभर पडताळले. त्याची कक्षा मुद्दाम अशी आखली होती की एकाच ठिकाणावरून तो दरवेळी वेगळ्या स्थानिक वेळी जाई. २०१४ पासूनच्या ‘जीपीएम’ या पाऊस मोजणाऱ्या उपग्रहांच्या मोहिमेमुळे आता अर्ध्या-अर्ध्या तासाचे अंदाजित पाऊसमान मिळते, आणि हवामान-प्रारूपांची, म्हणजे संगणकावर हवामानाचे गणित मांडणाऱ्या प्रणालींची, एक जुनी खोडही त्यातून उघडी पडते: अनेक प्रारूपे दिवसाची बेरीज बरी जुळवतात, पण जमिनीवरचा दुपारनंतरचा पाऊस भर दुपारीच पाडून मोकळी होतात.