आधी गटार, मग कमान

छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातलं महापालिकेचं प्राणिसंग्रहालय म्हणजे मराठवाड्यातल्या शाळांच्या सहलीचं हक्काचं ठिकाण. शहर वाढलं, संग्रहालयाची जागा मात्र तेवढीच राहिली. म्हणून शहरालगतच्या मिटमिट्याला मोठ्या जागेवर नवं संग्रहालय उभारायचं ठरलं. अशा कामांत चर्चा होते ती कमानीची, कारंज्यांची, सेल्फी पॉइंटची. वाघाच्या दृष्टीने महत्त्वाचं असतं ते मागच्या बाजूला: रात्रीचा पिंजरा, गटार आणि सावली.

जुन्या पिंजऱ्यात वाघ एकाच रेषेत येरझारा घालतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधकांनी 2003 मध्ये मांसाहारी प्राण्यांची तुलना केली. जंगलात ज्यांचा वावर जितका दूरवर, तितक्या बंदिवासात त्यांच्या येरझारा जास्त आणि पिल्लांचे मृत्यूही जास्त, असं दिसलं. जंगलाएवढी जागा कोणतीच महापालिका देऊ शकत नाही. पण उन्हात बसायचं की सावलीत, लोकांना दिसायचं की दडायचं, हे ठरवायची मुभा नक्की देता येते. चारही बाजूंनी माणसं उभी राहतील असा पिंजरा त्यामुळेच वाईट. प्रेक्षक एकाच बाजूला हवेत. मग भले वाघ दिसला नाही म्हणून पोरं रुसोत.

आपल्याकडे खरी परीक्षा उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री तीच धग आत सोडतं. म्हणजे सगळ्यात गरम खोली नेमकी झोपायची. कूलर कोरड्या हवेत छान चालतो, कारण पाणी भराभर वाफ होऊन उष्णता शोषून घेतं; पावसाळी दमट हवेत मात्र त्याचा जोर ओसरतो. त्यामुळे उंच छत, वारा खेळेल अशा झडपा आणि झाडं याला पर्याय नाही. कडुनिंब, वड, चिंच सावली धरायला वर्षं घेतात. म्हणून रोपं पायाभरणीच्या आधी लागली पाहिजेत.

वाघाला डुंबायला हौद लागतो, आणि पाण्याची टंचाई तर आपल्या पाचवीलाच पुजलेली. हौदाचं पाणी गाळून पुन्हा वापरता येतं, पुढे झाडांनाही देता येतं. पण पिंजरे धुतलेलं पाणी वेगळ्या गटारानेच जायला हवं. त्यात विष्ठा आणि मांसाचे अवशेष असतात, रोगजंतू तिथूनच पसरतात. जिथे काळी माती खोल आहे तिथे खंदकाच्या भिंतीही जपून बांधाव्यात: ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तडे पाडते. पाया मुरमापर्यंत नेलेला बरा.

जुन्या जागीच दुरुस्ती करायची, तर वाघाला भाड्याच्या घरात हलवता येत नाही. आधी राखीव पिंजरे आणि क्वारंटाइन बांधायचं, प्राणी तिथे न्यायचे, मगच जुनं पाडायचं. नेण्याआधी कित्येक दिवस पेटीतच खाऊ घालून पेटीची सवय लावतात.

आणि मुळात कोणते प्राणी ठेवायचे? बंदिवासातले बहुतेक पांढरे वाघ 1951 मध्ये मध्य भारतातल्या रीवाच्या जंगलात पकडलेल्या ‘मोहन’चे वंशज मानले जातात. हा रंग टिकवायला नात्यातच जोड्या लावल्या गेल्या, त्यातून व्यंगं आली. गर्दी तेच खेचतात, हे खरं. पण जंगलातल्या वाघांना त्यांच्या पैदाशीचा उपयोग नाही. ती जागा माळरानावरच्या लांडग्याला आणि काळविटाला द्यावी, असं माझं मत.